देवपूर (धुळे)

देवपूर हा धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तर तीरावरील उपनगरी भाग. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरकडील डोंगरांत उगम पावते, पूर्वेकडे वाहत येऊन शहराचे दोन भाग करते आणि पुढे उत्तरेस वळून मुडावद येथे तापीला मिळते. नदीच्या वरच्या भागात बंधारे घालून पाटाने पाणी वळवायचे व ते पाळीपाळीने शेतांना द्यायचे, ही फड पद्धत जुनी आहे. लाटीपाडा, मालनगाव व अक्कलपाडा ही धरणे नंतरची. वरच पाणी अडवले जात असल्यामुळे धुळ्याजवळचे पात्र उन्हाळ्यात बहुतेक कोरडे असते.

इ. स. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुंबई–आग्रा मार्गावरील धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले आणि 1819 पासून दक्षिण तीरावर कचेऱ्या बांधून सरळ गल्ल्यांची नवी पेठ वसवली. या आखणीचे श्रेय सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देण्याची रीत पडली आहे. ती टिकणारी नाही, कारण त्यांचा जन्मच 1861 चा. नोकरीच्या आरंभी 1884 मध्ये त्यांनी पांझरेच्या पाटावर दातर्ती येथे नळाचा वक्रनलिका-मार्ग (सायफन) बांधला, हे मात्र खरे. देवपूरला अशी आखणी लाभली नाही. एकोणिसाव्या शतकात जुने धुळे, नवे धुळे व मोगलाई यांच्याबरोबर गावाचा एक भाग म्हणून त्याची गणना होत असली, तरी त्याचा विस्तार पुढे आग्रा रोड, वाडीभोकर रोड आणि गोंदूरकडचा रस्ता यांच्या कडेने, एकेका कॉलनीची भर पडत होत गेला.

नदीकाठचे एकवीरादेवीचे मंदिर हे देवपूरचे सर्वांत परिचित स्थान होय. खानदेशातील अनेक घराण्यांची ही कुलदेवता असून नवरात्रात व चैत्रातील यात्रेला बाहेरगावचे कुटुंबकबिले येतात. मुलांची जावळे काढणे, नवस फेडणे असे विधी येथे होतात आणि आवारात अहिराणी सर्रास कानी पडते.

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षणसंस्थांमुळे देवपूरचे रूप पालटले. श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेची महाविद्यालये आणि जयहिंद महाविद्यालय येथे आहेत. त्यामुळे नोकरदार व विद्यार्थी यांची वस्ती वाढली; जिल्ह्याच्या कचेऱ्या व मुख्य बाजारपेठ मात्र पलीकडेच राहिली.

साहजिकच रोजची ये-जा पुलांवर अवलंबून आहे. 1872 च्या सप्टेंबरातील पुराने धुळ्यात घरादारांची मोठी हानी केली होती. ऑगस्ट 2019 मध्ये अक्कलपाडा धरणातून पाणी सोडल्यावर शहरातील कमी उंचीचे पूल बुडाले आणि दोन्ही तीरांमधील वाहतूक उंच पुलांवरून वळवावी लागली.