अजाइलमध्ये करिअरची सुरुवात: सीएपीएमसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अजाइल, म्हणजे काम लहान टप्प्यांत करत बदल सामावून घेण्याची पद्धत. अशा प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळायचं म्हटलं की नजर आधी पीएमपी किंवा पीएमआय-एसीपी या प्रमाणपत्रांकडे जाते. दोन्हींसाठी कामाचा अनुभव लागतो, म्हणून फ्रेशरने तिथे वेळ घालवू नये. ती देणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचीच (पीएमआय) सीएपीएम (सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट) ही परीक्षा अनुभवाशिवाय देता येते. २०२३ पासून तिच्यात अजाइलचा वाटा २० टक्के आहे.

पात्रता सोपी आहे: बारावी उत्तीर्ण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २३ तासांचं प्रशिक्षण. हे प्रशिक्षण कॉलेजचं, कंपनीचं किंवा ऑनलाइन चालतं; ऑनलाइन असेल तर शेवटी चाचणी हवी. घरी पुस्तक वाचलेले तास धरत नाहीत.

अर्ज पीएमआयच्या संकेतस्थळावर खातं उघडून भरायचा. खरी गोम नावात आहे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी वडिलांचं नाव. लग्नानंतर तर सगळंच बदललेलं. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळलं नाही, तर आत घेत नाहीत आणि फीही जाते. पासपोर्ट असेल तर त्यावर आहे तसंच नाव भरा. फोटो, सही आणि इंग्रजी अक्षरं तिन्ही त्यावर असतात.

फी पीएमआयच्या सदस्यांना २२५ आणि इतरांना ३०० डॉलर. भारतातून भरताना खात्यात दिसेल तीच रक्कम धरायची. पैसे भरल्यावर काही अर्ज ऑडिटसाठी, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीसाठी, निवडले जातात. ही निवड रँडम असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. बारावीचं प्रमाणपत्र आणि प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट ९० दिवसांत पाठवायचं. दोन्ही आधीच स्कॅन करून ठेवलेली बरी.

अर्ज मंजूर झाला की वर्षभराची मुदत आणि तीन संधी मिळतात, पण पुन्हा बसायला फी वेगळी. १५० प्रश्न, तीन तास. केंद्रावर किंवा घरून. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, नूतनीकरणाला १५ पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) लागतात.

स्क्रम ही अजाइलचीच एक कार्यपद्धती. ती टीमकडून नीट राबवून घेणारा स्क्रम मास्टरच व्हायचं असेल, तर माझ्या मते स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसएम-१ ही परीक्षा आधी द्यावी. तिला पात्रतेची अट नाही की कागदपत्रं नाहीत. २०० डॉलर, ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. मात्र एका फीत एकच प्रयत्न मिळतो. तेव्हा त्यांची मोफत 'स्क्रम ओपन' चाचणी सतत पैकीच्या पैकी येईपर्यंत पैसे भरू नका.