ग्रिनेलचा वळीव रात्री दोनला येतो

आपल्याकडे वळीव येतो तो दुपार कलल्यावर. सकाळपासून जमीन तापते, चारच्या सुमाराला ढग माथ्यावर चढतात, धुळीचा लोट उठतो आणि टपोरे थेंब पडू लागतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या साडेनऊ हजार वस्तीच्या गावात उन्हाळी गडगडाट पुष्कळदा मध्यरात्र उलटल्यावर होतो. दिवसभर आकाश स्वच्छ असतं आणि रात्री दोनला खिडक्या हादरू लागतात.

हे ढग गावचे नसतातच. दुपारी सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर, ते जन्म घेतात आणि पूर्वेकडे निघतात. सूर्य मावळल्यावर खरं तर ते विरायला हवेत. पण दिवस बुडाला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन बसून राहते आणि तिच्यावरून, काही शे मीटर उंचीवरून, वाहणाऱ्या वाऱ्याला जमिनीचं घर्षण जाणवेनासं होतं. मोकळा सुटलेला हा दक्षिणवारा रात्रभर मेक्सिकोच्या आखातातली वाफ ओढून आणतो आणि येणाऱ्या ढगांना ती आयतीच मिळते. डोळ्यांना न दिसणारी ही रात्रीची हवाई नदी मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ती इतक्या उत्तरेपर्यंत पोचते, कारण वाटेत काहीच आडवं नाही. उत्तरेची थंडी आपल्यापासून हिमालय अडवून धरतो. अमेरिकेच्या मध्यभागी कॅनडापासून आखातापर्यंत तशी पूर्व-पश्चिम भिंतच नाही. म्हणून एकाच आयोवा राज्यात कीओकक इथे 1934 च्या जुलैत पारा 48 अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि एल्केडर इथे 1996 च्या फेब्रुवारीत उणे 44 पर्यंत उतरला.

त्यात भर मक्याची. ऐन जुलैत एक एकर मका दिवसाला 11 ते 15 हजार लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. मैलोन्‌मैल मकाच असल्यावर समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावातही एखाद्या दुपारी मुंबईसारखी चिकचिक होते.

अशा गावाचा अंदाज छातीठोकपणे सांगता येत नाही. 'उद्या पावसाची शक्यता 40 टक्के' असं तिथलं हवामान खातं 1960 च्या दशकापासून सांगत आलं आहे. याचा अर्थ गावाच्या 40 टक्के भागात पाऊस, असा नाही. दिवसातला 40 टक्के वेळ पाऊस, असाही नाही. तुम्ही उभे आहात त्या जागी मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता दहात चार, एवढंच त्याचं म्हणणं. आकड्यात सांगितलेली ही अनिश्चितता मला 'तुरळक सरी'पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. 1938 पर्यंत तर तिथल्या अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायलाच मनाई होती, लोक घाबरतील म्हणून. त्याच ग्रिनेलमध्ये 17 जून 1882 च्या संध्याकाळी टोर्नेडोने कॉलेजच्या इमारती जमीनदोस्त केल्या होत्या.

अजूनही चकवा बसतो. 10 ऑगस्ट 2020 ला पहाटे बहुतेक संगणकी प्रारूपांना पुढचं संकट नीट दिसलं नव्हतं. दुपारी बाराच्या सुमारास सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्यांची फळी ग्रिनेलवरून गेली. अशा वादळाला 'डेरेचो' म्हणतात. हे नाव आयोवातल्याच गुस्ताव हिनरिक्स या प्राध्यापकाने 1888 मध्ये दिलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'सरळ'. त्या दिवशी ही फळी चौदा तासांत सुमारे 1,240 किलोमीटर धावली आणि उभा मका जमिनीला टेकला.

'मोजता येण्याइतका पाऊस' ठरतो मात्र एका साध्या डब्यात. अमेरिकेत हजारो स्वयंसेवक रोज पर्जन्यमापक वाचतात. ही व्यवस्था 1890 पासूनची. आठ इंच व्यासाच्या नरसाळ्यातून पाणी आतल्या अरुंद नळीत उतरतं. नळीचं तोंड नरसाळ्याच्या एक दशांश क्षेत्रफळाचं, म्हणून मिलिमीटरभर पाऊस नळीत सेंटिमीटरभर उभा राहतो. मग लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठवर चढली ते पाहायचं. हिवाळ्यात नरसाळं आणि नळी काढून ठेवतात, डब्यात पडलेला बर्फ घरात नेऊन वितळवतात आणि ते पाणी नळीत ओतून मोजतात. ओल पट्टीच्या पहिल्या रेघेला, म्हणजे पाव मिलिमीटरला, टेकली तर त्या ठिकाणी पाऊस पडला अशी नोंद होते.