एल्गिन कॅथेड्रल ‘लांडग्या’ने पाडलं का?

स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या एल्गिन कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, भग्न भिंतींचा फोटो दिसला की खाली एक ओळ ठरलेलीच: ‘बॅडेनॉकच्या लांडग्यानं जाळलं म्हणून ही अवस्था.’ गोष्ट झणझणीत आहे, पण अर्धीच खरी.

लांडगा म्हणजे राजा दुसरा रॉबर्ट याचा मुलगा आणि स्कॉटलंडमधल्या बॅडेनॉक भागाचा सरदार अलेक्झांडर स्ट्युअर्ट. बिशपशी त्याचं वैर होतं आणि जून १३९० मध्ये त्यानं कॅथेड्रलला आग लावली, हे निर्विवाद. पण १२२४ मध्ये सुरू झालेली ही इमारत त्याआधी १२७० मध्येही जळली होती आणि आणखी मोठी होऊन उभी राहिली होती. १३९० नंतरही तेच झालं. पश्चिमेचा दर्शनी भाग नव्यानं सजला. अष्टकोनी सभागृहाचं छत १५व्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बांधलं गेलं. मधल्या एकाच खांबातून दगडी फासळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या पसरतात. लांडग्यानं सगळं संपवलं असतं, तर हे आलं कुठून?

खरा घात झाला तो १५६० च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंडनं कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यावर. कॅथेड्रलचा वापर थांबला. सैन्याचा खर्च भागवायला सरकारनं छपरावरचं शिसं काढून घ्यायचा हुकूम दिला. शिसं गेलं, पाऊस आत आला. आणि स्कॉटलंडचा पाऊस काही विचारून येत नाही! अखेर १७११ मध्ये मधला मनोरा कोसळला. लोकांनी मग दगडही नेले. लांडगा तोवर तीनशेहून अधिक वर्षं डंकेल्ड कॅथेड्रलमध्ये चिरनिद्रा घेत होता.