अणुबाँबची भीती, संगणकांची टंचाई आणि पॅकेट

इंटरनेट अणुयुद्धासाठी बांधलं, हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून आलंय की ते खोडायला जाणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात. वाक्य साफ खोटं नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे.

अणुयुद्धाची गोष्ट पॉल बॅरन यांची. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत ते एका प्रश्नाच्या मागे लागले होते: पहिल्याच हल्ल्यात टेलिफोनची मोठी केंद्रं उडाली, तर उरलेल्या लष्करी तळांनी एकमेकांशी बोलायचं कसं? त्यांनी कागदावर काढलं ते कोळ्याचं जाळं. मध्यवर्ती केंद्रच नको. प्रत्येक गाठ तीन-चार शेजारच्या गाठींना जोडलेली असावी. निरोपाचे १०२४ बिटांचे तुकडे करायचे आणि हातात आलेला तुकडा, चटका बसावा तसा, लगेच पुढच्या हातात टाकायचा. एक वाट तुटली तर दुसरी. त्यांचे अहवाल १९६४ साली प्रसिद्ध झाले, पण एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला काही ते पटलं नाही. जाळं कागदावरच राहिलं.

लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस १९६५ साली जवळपास तिथेच पोहोचले, आणि त्यांच्या डोक्यात बाँब नव्हताच. त्यांना खुपत होती उधळपट्टी. ट्रंक कॉल आठवून पाहा: कॉल लागला की दोन गावांमधली ती तार तुमची. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, दुसऱ्या कुणाला ती मिळायची नाही. संगणकापुढे बसलेला माणूस एक ओळ टाइप करतो, मग विचार करतो, डोकं खाजवतो. तेवढा वेळ तार रिकामी. निरोपाचे तुकडे केले तर एकाच तारेवरून दहाजणांचं काम निघेल. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांचं. इतर भाषांमध्येही चालेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाला विचारलं होतं. आपल्याकडे तरी त्यांची निवड चुकली नाही. बिस्किटांमुळे शब्द आधीच घरात होता. बॅरन यांचं काम त्यांना कळलं ते १९६६ साली, स्वतःच्या व्याख्यानानंतर, श्रोत्यांमधल्या ब्रिटिश संरक्षण खात्याच्या माणसाकडून.

प्रत्यक्षात जे जाळं उभं राहिलं, ते आर्पानेट, त्याचं कारण तर याहून घरगुती. पेंटागॉनमध्ये आर्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या) बॉब टेलर यांच्या खोलीजवळ तीन टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाशी बोलायची यंत्रं, होती: एक सँटा मोनिकाच्या संगणकाचं, एक बर्कलीच्या, एक एमआयटीच्या. तिन्हींच्या आज्ञा वेगळ्या. एकावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसायचं. शिवाय आर्पाच्या पैशावर चालणारं प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी नवा, महागडा संगणक मागत होतं. आहेत तेच जोडून वाटून वापरावेत, हा हेतू. १९६६मध्ये टेलर यांनी संचालकांकडून त्यासाठी दहा लाख डॉलर मिळवले आणि लॅरी रॉबर्ट्स यांना कामाला जुंपलं. रॉबर्ट्स यांना बॅरन आणि डेव्हिस यांच्या कामाचं महत्त्व समजलं ते १९६७च्या एका परिषदेत, डेव्हिस यांच्या सहकाऱ्याकडून.

आता यंत्रणा. प्रत्येक संस्थेचा संगणक वेगळ्या जातीचा, म्हणून जाळ्याचं काम त्याच्या गळ्यात घालायचं नाही. प्रत्येकापुढे एक छोटा संगणक द्वारपाल म्हणून ठेवायचा, ही वेस्ली क्लार्क यांची सूचना. या द्वारपालाचं नाव इंटरफेस मेसेज प्रोसेसर, म्हणजे आयएमपी. तो बनवायचं कंत्राट बोस्टनजवळच्या बीबीएन या कंपनीला मिळालं, तेव्हा सेनेटर एडवर्ड केनेडींच्या अभिनंदनाच्या तारेत ‘इंटरफेस’चं ‘इंटरफेथ’ झालं आणि अभियंते सर्वधर्मसमभावाचे कार्यकर्ते ठरले!

आयएमपी म्हणजे हनीवेलचा डीडीपी-५१६, स्मृती १६ बिटांचे १२ हजार शब्द. तेवढ्यात तो निरोपाची जास्तीत जास्त हजारेक बिटांची पॅकेटं पाडायचा, वाटेत काही बिघडलं तर कळावं म्हणून प्रत्येकाला बेरजेचा ताळा लावायचा आणि ५० किलोबिटच्या तारेवर सोडायचा. पुढचा आयएमपी ताळा तपासून पोच द्यायचा. पोच येईपर्यंत आधीच्याने प्रत जपून ठेवायची. नाही आली तर पुन्हा पाठवायची. वाट ठरवणारा मुख्य अधिकारी कुणी नाही. दर दोन सेकंदांत साधारण तीनदा प्रत्येक आयएमपी शेजाऱ्यांना सांगायचा, ‘माझ्याकडून अमुक ठिकाणी जायला इतका वेळ लागेल’, आणि त्या ऐकीव माहितीवर प्रत्येकजण आपलं वाटांचं कोष्टक बदलायचा.

२९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डला ‘लॉगिन’ची पहिली दोन अक्षरं पोहोचली आणि तिकडचा संगणक कोसळला, हा किस्सा सर्वश्रुत आहे. मला त्याहून बोलका वाटतो तो हार्वर्डचा. सत्तरच्या दशकात तिथल्या आयएमपीची स्मृती बिघडली आणि तो सगळ्यांना सांगू लागला की माझ्याकडून कुठेही जायला शून्य वेळ लागतो. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनीही. जाळ्यातली पॅकेटं हार्वर्डकडे धावत सुटली आणि तिथेच गडप झाली. त्यानंतर ताळा फक्त तारेवरच्या पॅकेटांना लावून भागेना. तो आयएमपीच्या पोटातल्या कोष्टकांनाही लावावा लागला.

जाळ्यावर इतका भरवसा ठेवायचाच कशाला, असा प्रश्न फ्रान्सच्या लुई पूझँ यांनी सिक्लाद या जाळ्यात उलटा घातला. तिथे पॅकेट हरवलं तर हरवलं. हिशेब दोन टोकांच्या संगणकांनी ठेवायचा. अमेरिकेतही रेडिओ आणि उपग्रहावरून पॅकेटं जाऊ लागली होती, आणि हवेतून जाताना ती हरवणारच. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४च्या आराखड्यात हाच हिशेब टोकांकडे दिला. त्यातूनच टीसीपी/आयपी, म्हणजे वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणारी इंटरनेटची नियमावली, आली. आर्पानेटने तिच्याकडे वळायचा दिवस ठरला १ जानेवारी १९८३. त्या धांदलीतून पार पडलेल्यांसाठी एकाने बिल्ले करून घेतले: ‘टीसीपीच्या बदलातून मी वाचलो.’