एसक्यूएल : एकाच टेबलातील जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या ओळी

डेटाबेसच्या एका टेबलातील ओळी त्याच टेबलातील इतर ओळींशी ताडून कोणत्या ओळीला जोडीदार आहे आणि कोणती एकटी पडली आहे, हे शोधण्याची क्रिया. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत हे काम मुख्यतः सेल्फ जॉइन (टेबल स्वतःशीच जोडणे), नॉट एक्झिस्ट्स (अशी ओळ नाही ना, हे तपासणे), एक्सेप्ट (एका यादीतून दुसरी वजा करणे) किंवा ग्रुप बाय (समान ओळींचे गट करणे) यांनी होते. या भाषेचा पाया म्हणजे एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेले, माहिती टेबलांच्या रूपात पाहणारे रिलेशनल प्रतिमान. चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये तिची पहिली आवृत्ती १९७४ मध्ये मांडली, आणि १९८६ मध्ये तिचे अमेरिकी मानक ठरले.

गृहनिर्माण सोसायटीच्या मेंटेनन्सचे ‘पावत्या’ हे टेबल घेऊ. रकाने तीन : सदनिका, महिना, रक्कम. एप्रिलच्या ओळी १०१, १०२ आणि १०३ या सदनिकांच्या आहेत, मेच्या फक्त १०१ आणि १०३ च्या. दोन्ही महिने कोणी भरले, हे काढणे सोपे. त्याच टेबलाला ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन टोपणनावे द्यायची, अ चा महिना एप्रिल, ब चा मे आणि दोघांची सदनिका समान अशी अट घालायची. १०१ आणि १०३ हाती येतात. मात्र मे महिन्यात कोणी दोनदा पैसे भरले असतील, तर ती सदनिका उत्तरातही दोनदा येते.

खरी कसोटी एप्रिल भरून मे चुकवणाऱ्यांना शोधताना लागते. नवशिका बहुधा ‘समान’च्या जागी ‘असमान’ चिन्ह टाकतो. मग १०१–१०३, १०२–१०१, १०२–१०३ आणि १०३–१०१ अशा चार जोड्या येतात. तिन्ही सदनिका यादीत आल्या, थकबाकीदार कोण ते कळलेच नाही. १०२ ची मे महिन्याची ओळच टेबलात नाही, आणि जी ओळ नाही तिची तुलना कशाशीही होऊ शकत नाही. तिचा अभावच तपासावा लागतो.

त्यासाठी लेफ्ट जॉइन (जोडीदार नसला तरी अ ची प्रत्येक ओळ राखणारी जोडणी) करून ब ची बाजू नल, म्हणजे मूल्याविना रिकामी, आलेल्या ओळी निवडतात. इथे ‘ब चा महिना मे’ ही अट ऑनमध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीतच, हवी. ती व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, गेली की १०२ ची ओळ गळते, कारण ऑनमध्ये फक्त सदनिका उरल्याने ती स्वतःच्याच एप्रिलच्या ओळीशी जुळते आणि ब चा महिना एप्रिल येतो. त्याच व्हेअरमध्ये ‘ब ची सदनिका नल’ हेही असेल, तर उत्तर रिकामे येते.

नॉट इनचा, म्हणजे ‘या यादीत नाही’ अशा अटीचा, सापळा याहून वाईट. समजा, मे महिन्यात कोणी सदनिका क्रमांक न लिहिता ऑनलाइन पैसे पाठवले आणि ती ओळ नल सदनिकेसह टेबलात गेली. आता ‘मेच्या यादीत नसलेल्या एप्रिलच्या सदनिका’ असे नॉट इनने विचारले, तर एकही ओळ परत येत नाही. १०२ ही १०१ नव्हे, १०३ नव्हे, पण नलशी तुलना केल्यावर उत्तर खरेही नसते, खोटेही नसते. ते ‘अज्ञात’ असते, आणि व्हेअर फक्त खऱ्याला आत घेते. एररही दिसत नाही. रिकामी यादी पाहून सगळ्यांनी पैसे भरले असे वाटते, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. नॉट एक्झिस्ट्सला हा दोष लागत नाही. अशा कामासाठी पहिली निवड तीच असावी.

एक्सेप्टही हेच उत्तर देते. ते दोन नल एकच मानते, पण दुबार ओळी काढून टाकते आणि निवडलेल्या रकान्यांपलीकडचे काही दाखवत नाही. ओरॅकल या डेटाबेस प्रणालीत यासाठी मायनस हा शब्द रूढ आहे. मायएसक्यूएलमध्ये एक्सेप्ट ८.०.३१ या आवृत्तीत, २०२२ साली आले. दोन्ही महिन्यांची रक्कम बदलली का, हे पाहताना एकीकडे नल असेल तर साधे ‘असमान’ ती ओळ सोडून देते. तिथे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरतात.

दुबार नोंदी शोधताना टेबलात प्रत्येक ओळीला आयडी (वेगळा क्रमांक) असेल, तर अ चा आयडी ब च्या आयडीपेक्षा लहान ही अट घालतात, नाहीतर प्रत्येक जोडी उलटसुलट दोनदा येते. तरीही एकसारख्या १,००० ओळींच्या ४,९९,५०० जोड्या होतात. म्हणून ग्रुप बाय करून हॅविंगमध्ये (गटांवरच्या अटीत) एकाहून जास्त संख्या मागणे बरे.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण येते, ती डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाड’मधला ऱ एका सांकेतांकाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून, शिवाय र, हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) अशीही तिसरी रीत आहे. बाइटशी बाइट ताडून तुलना करणाऱ्या कोलेशनला (मजकूर तुलनेच्या नियमांना) ही तीन वेगळी गावे वाटतात. पहिल्या दोन रूपांचे युनिकोडच्या एनएफसी नावाच्या सामान्यीकरणाने एक रूप होते (पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत आवृत्ती १३ पासून त्यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे). तिसरे रूप मात्र ओळी ताडण्याआधी रिप्लेसने स्वतः बदलून घ्यावे लागते.