कोकणच्या हवेत टिकणारी आठवणवही : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्याकडून वही, कार्डशीट किंवा डिंक घेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत आम्ही हे पत्रक घालतो. स्क्रॅपबुक आणि जर्नल करायची हौस कुडाळ, मालवण, सावंतवाडीकडे आता चांगली रुजली आहे. मुलं करतात, कॉलेजातल्या मुली करतात आणि निवृत्त झालेले मास्तरही करतात. पण ज्या व्हिडिओंवरून आपण शिकतो ते बहुतेक कोरड्या हवेच्या मुलखातले असतात. तिथे वर्षानुवर्षं टिकणारी वही आपल्याकडे एका पावसाळ्यात फुगते आणि तिला वास यायला लागतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऐन आषाढात हवेतली आर्द्रता बरेचदा नव्वद टक्क्यांवर असते आणि बुरशीला सत्तर टक्केही पुरतात. म्हणून सामान विकताना ते इथल्या हवेत कसं वापरायचं हेही सांगणं आम्हाला आमचं काम वाटतं.

वहीत काय ठेवायचं

विकतचे स्टिकर शेवटी घ्या. आधी घरातली ट्रंक उघडा. कोकणातल्या बहुतेक घरांचं कुणीतरी मुंबईला होतं आणि घर मनिऑर्डरवर चालत होतं. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर पाठवणारा चार ओळी लिहायचा आणि तो तुकडा घरात राहायचा. ‘पैसे मिळाल्याचे कळवावे, गणपतीला येतो’ एवढंच लिहिलेला एखादा कपटा आजीच्या पोथीत अजून सापडतो. स्क्रॅपबुकसाठी त्याहून मोलाचा कागद आमच्या दुकानात नाही. आंतर्देशीय पत्रं, लग्नपत्रिका, रेशनकार्डाची जुनी पानं, शाळेचा दाखला, रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट, दाभोळ-धोपावे फेरीबोटीची पावती, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीचं काढलेलं तिकीट, हे सगळं चालतं.

मूळ कागद एकच असेल तर तो चिकटवू नका. झेरॉक्स किंवा प्रिंट पानावर लावा आणि मूळ कागद पानाला केलेल्या खिशात सरकवा. तीन बाजूंनी चिकटवलेला कार्डशीटचा तुकडा म्हणजे खिसा, एवढं ते सोपं आहे.

एसटीच्या तिकिटाची गोष्ट वेगळी आहे. कंडक्टरच्या यंत्रातून निघणारं तिकीट आणि एटीएमची पावती थर्मल कागदावर असते. त्या कागदात शाई नसते. वरच्या थरातलं रसायन उष्णतेने काळं होतं आणि तीच अक्षरं दिसतात. ऊन, उष्णता, प्लास्टिकचा खिसा किंवा डिंक लागला की ती पुसट होत जातात आणि शेवटी कोरा कागद उरतो. असं तिकीट हातात आल्याच्या आठवड्यातच त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सची शाई कार्बनची असल्याने ती टिकते. मात्र झेरॉक्सही पीव्हीसीच्या चकचकीत कव्हरमध्ये ठेवू नका, कारण कव्हर काढताना अक्षरं कव्हरला चिकटून येतात.

कागद

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो आणि डिंक लागला की तो सुरकुततो. लिहायच्या पानांना 120 च्या पुढचा घ्या, फोटो चिकटवायच्या पानांना 200 ते 300 ची कार्डशीट घ्या आणि जलरंग लावणार असाल तर 300 च्या खाली उतरू नका.

जाडीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कागद ‘अ‍ॅसिड फ्री’, म्हणजे आम्ल नसलेला हवा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतो. वर्तमानपत्राचं कात्रण हवंच असेल तर त्याची प्रत काढून लावा. काळी किंवा गडद कार्डशीट सुंदर दिसते, पण स्वस्त मालाचा रंग दमट हातालाही लागतो. घेण्यापूर्वी कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून बघा. दुकानात आम्ही त्याला हरकत घेत नाही.

हातकागद आमचा आवडता. पुण्याची हातकागद संस्था 1940 साली सुरू झाली आणि तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. कापसाचा तंतू लांब असल्याने हा कागद चिवट असतो. तो शाई थोडी पसरवतो, त्यामुळे बारीक अक्षरात पानभर लिहायला नको. मधली पानं, पाकिटं, फोटोमागची चौकट यांना मात्र त्याच्यासारखा दुसरा कागद नाही.

स्वतः वही शिवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नीट सांगतो. कागद हातात धरून आडवा आणि उभा हलकेच वाकवून बघा. एका दिशेला तो सहज वाकतो. घडी त्या दिशेला यायला हवी. दमट हवेत कागद त्या दिशेच्या आडवा जास्त फुगतो, म्हणून घडी उलटी पडली तर श्रावणापर्यंत वहीच्या पाठीला लाटा आलेल्या दिसतील. पुठ्ठ्याच्या कव्हरलाही आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी कागद लावा. एकाच बाजूला लावला तर पुठ्ठा वाकडा होतो आणि मग वजन ठेवूनही सरळ होत नाही.

चिकटवायचं कशाने

खळ करून चिकटवायची आपली जुनी पद्धत कागदाला चांगली आहे, पण कसर खळीवरच जगते. घरात कसर असेल तर खळ वापरू नका. फेविकॉल पाण्यातला असतो, त्यामुळे पातळ कागद फुगतो. पुठ्ठ्याला आणि कव्हरला तो उत्तम. लावताना सपाट ब्रशने अगदी पातळ थर द्या आणि वर कोरा कागद ठेवून रात्रभर दाबून ठेवा. रोजच्या पानांना अ‍ॅसिड फ्री ग्लू स्टिक किंवा चांगली डबल टेप पुरे. साधी पारदर्शक सेलोटेप पानावर कुठेही नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, पट्टी सुटते आणि तिचा चिकट डाग कागदात कायमचा राहतो.

फोटोला डिंक लावूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कागदी कोपरे मिळतात, त्यांत फोटो अडकवा. पुढे फोटो काढून मागची तारीख वाचता येते.

वॉशी टेपबद्दल खूप विचारणा होते. जपानमधल्या कामोई या कंपनीचा मूळ धंदा माशा पकडायच्या चिकट कागदाचा, मग रंगकामाच्या मास्किंग टेपचा. तीच टेप रंगीत करून त्यांनी 2008 साली बाजारात आणली आणि जगभरच्या वह्यांत ती गेली. ती मुद्दामच हलक्या चिकटाची असते. त्यामुळे ती सजावटीला वापरा, फोटो किंवा तिकीट तिच्या भरवशावर ठेवू नका. आपल्या मे महिन्यात तिची टोकं सुटतात.

आधीच डिंक लावलेली पानं ही कल्पनाही जुनी आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने 1873 साली अशा स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं. आपल्याकडे पावसाळ्यात कोऱ्या पाकिटांची तोंडं आपोआप चिकटतात हे आठवा, म्हणजे तसली पानं आम्ही का ठेवत नाही ते लक्षात येईल.

स्टेपलरच्या पिना, टाचण्या, लोखंडी क्लिपा खाऱ्या हवेत गंजतात आणि गंज कागदाला भोक पाडतो. जुने कागद ठेवताना त्या आधी काढा. जोडायचंच असेल तर मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवा.

पानं, फुलं, शिंपले, वाळू

कोकणात ही हौस करणाऱ्याचा हात आधी याच वस्तूंकडे जातो, आणि जायलाच हवा. सुरंगी, बकुळ, तेरडा, पिंपळाचं जाळीदार पान, भाताची लोंबी हे सगळं वहीत छान बसतं. दाबायची पद्धत अशी: शाई न सोडणाऱ्या कोऱ्या टीपकागदात फूल ठेवा, वर जाड पुस्तकं ठेवा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. न बदललेला ओला कागदच बुरशी धरतो. पावसाळ्यात दोन कागदांच्या मध्ये ठेवून कोमट इस्त्री दाबा, वाफ बंद ठेवून. सोनचाफा दाबला की तपकिरी पडतो, जास्वंद पानावर डाग सोडते. रातांब्याचा रस लागलेलं काहीही वहीजवळ आणू नका.

समुद्राची वाळू पाकिटात भरून चिकटवतात, त्यावर आमची कळकळीची सूचना. वाळूत मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. त्या पाकिटाखालचं पान कायम ओलसर राहतं. वाळू आणि शिंपले गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, मगच वापरा. जाड शिंपला पानावर नकोच, समोरच्या फोटोवर त्याचा वळ उठतो.

एक पान बघा

दुकानात नमुना म्हणून ठेवलेल्या वहीतलं एक पान गणपतीच्या माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवलेल्या चौकटीचं आहे. डावीकडे माटवीचा चार बाय सहाचा फोटो, लॅबमधून काढलेला. घरच्या इंकजेट प्रिंटरचा रंग ओल लागली की पसरतो, म्हणून लॅबचा. उजवीकडे हातकागदाचा खिसा आणि त्यात घरच्या आरत्यांच्या कागदाची घडी. खाली कवंडाळ, कांगणी, तिरफळ, नारळाची पेंड, सुपारी अशी यादी आणि प्रत्येकापुढे ते कुणी आणलं त्याचं नाव. खरी फळं पानावर नाहीत, ती कुजतात. यादीखाली आजीच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे: ‘औंदा कवंडाळां गावाक नाय, म्हणान बाबान पेरू टांगल्यान.’ (यंदा कवंडाळं मिळाली नाहीत, म्हणून बाबांनी पेरू टांगले.)

लोक फोटोआधी ते वाक्य वाचतात. म्हणून आग्रहाने सांगतो, लिहा. तारीख, गाव, फोटोत डावीकडून कोण कोण, आणि त्या दिवशी कुणीतरी बोललेलं एक वाक्य. मालवणीत बोललं असेल तर मालवणीतच लिहा. शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्याने न फुटणारी वापरा. साधं जेल पेन ओल्या बोटाने पसरतं.

चित्र आणि शब्द एकत्र धरणारा कागद आपल्या भागाला नवा नाही. इथून जवळच पिंगुळीला ठाकर मंडळींची चित्रकथी आहे. एकेका आख्यानाची चित्रं कागदावर, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, पोथी करून ठेवलेली; चित्र समोर धरायचं आणि कथा गायची. सावंतवाडीची लाखेचा थर दिलेली गोल गंजिफाही, म्हणजे खेळायचे जुन्या धाटणीचे रंगवलेले पत्ते, अशीच हातात घेऊन बघण्याची वस्तू. दोन्ही ठिकाणी मुलांना एकदा घेऊन जा. कागदाला माणसं किती जपतात ते तिथे दिसतं.

पावसाळ्याची तयारी

वही मृगाच्या आधी, एखाद्या कोरड्या दुपारी बंद करा. वाऱ्यावर पण सावलीत उघडी ठेवा, थेट उन्हात फोटो फिके पडतात. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ओल आत कोंडली तर डबा बंद करून उलट नुकसानच होतं, म्हणून दिवस बघून बंद करा. आम्ही नारिंगी दाण्यांचं सिलिका देतो. पाणी भरलं की दाणे हिरवे होतात, ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तापवले की पुन्हा नारिंगी. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, मुलांच्या घरात नको. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ आणि प्लास्टिकच्या कव्हरांजवळ ठेवू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा, भिंतीची ओल मागून येते.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात आत जाते. पान आधी पूर्ण वाळू द्या. मग अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटका.

सुरुवातीला काय घ्यायचं

120 जीएसएमची ए-5 वही, ग्लू स्टिक, काळं पिगमेंट पेन, स्टीलची पट्टी, कटर, फोटोचे कोपरे. कापायला आधी जाड पुठ्ठा चालतो, कटिंग मॅट नंतर. बारा इंची चौकोनी अल्बम दिसायला भारी असतो, पण पहिल्याच वेळी एवढं मोठं पान भरताना माणूस दमतो. पाच-सहा छोटी पानं पूर्ण झाली की मोठ्याकडे या.

जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले असतील तर नखाने ओढू नका. आधी मोबाइलवर जशाच्या तशा प्रती काढा, मग अल्बम तसाच आमच्याकडे घेऊन या. पातळ दोरा मागून सरकवून किती सुटतात ते तुमच्यासमोरच बघू, आणि सुटत नसतील तर तसं सांगू. लॅमिनेशन मात्र आम्ही करून देत नाही. ते पुन्हा काढता येत नाही, आणि आजोबांच्या अक्षराचा कागद प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करायला आमचा हात होत नाही.