रात्रीचे सोलापूर आणि दारातली पायरी

सोलापुरात रात्री घराबाहेर पडायला निमित्ते पुष्कळ आहेत. हुतात्मा स्मृती मंदिरातला नाटकाचा प्रयोग, मित्रांबरोबर परमिट रूममधली बैठक, जानेवारीतल्या गड्डा यात्रेत होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला मात्र अनेकदा आधी फोन करावा लागतो. दारात पायऱ्या आहेत का, असे विचारले की आपुलकीने उत्तर येते, "या की हो, दोनच पायऱ्या आहेत, पोरं उचलून घेतील." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण चारचौघांत उचलून नेले जाणे कोणत्याही प्रौढ माणसाला नकोसे वाटते, आणि स्वच्छतागृहाचे दार किती रुंद आहे हे तर फोनवर सहसा कोणाला सांगताच येत नाही.

भारतात हा प्रश्न कायद्याने इमारतीच्या बाजूने हाताळला. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात रस्ते आणि सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करण्याची तरतूद होती, पण ती शासनाच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिल्यानंतर २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि खासगी आस्थापनाही त्याच्या कक्षेत आल्या. तरीही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुरी खटल्यात असे म्हणावे लागले की, सुगम्यतेचा नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा ठेवणे कायद्याला धरून नाही, आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवावेत.

जागा कशी आहे याची माहिती आधीच देण्याची वाट वेगळीकडून आली. बर्लिनमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या राऊल क्राउटहाउझेन यांना मित्रांनी विचारले, आपण नेहमी याच कॅफेत का भेटतो? व्हीलचेअर आत जाईल याची खात्री असलेली ती एकच जागा होती. त्यातून २०१० मध्ये व्हीलमॅप हा नकाशा उभा राहिला. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर तो आधारलेला असल्याने, कोणीही त्यात नोंद करू शकतो आणि ती कोणालाही वापरता येते. पायरीविना प्रवेश असेल तर हिरवा रंग, फार तर सात सेंटीमीटरची एक पायरी असेल तर पिवळा, नाहीतर लाल. ज्या जागेची पाहणीच झालेली नाही ती करडी दिसते, आणि मला या नकाशातला सर्वांत प्रामाणिक रंग तोच वाटतो.

स्कॉटलंडमध्ये मार्क कूपर यांनी पबच्या दारूविक्रीच्या परवान्यालाच हात घातला. त्यांच्या मोहिमेमुळे २०१० च्या कायद्यात तरतूद झाली, पण अंमल व्हायला ३० मार्च २०१८ उजाडले. तेव्हापासून परवान्याच्या नव्या अर्जासोबत दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत याचे निवेदन जोडावे लागते. इमारतीत बदल करण्याची सक्ती त्या निवेदनात नाही. जे आहे ते लिहून द्यायचे, एवढेच.

सोलापूरसाठी हाच भाग मला महत्त्वाचा वाटतो. एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी, या उताराच्या मापाने पंधरा सेंटीमीटरच्या पायरीला एकशे ऐंशी सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि नवी पेठेसारख्या दाट बाजारपेठेत तो थेट रस्त्यावर येईल. जागेअभावी रॅम्प बांधू न शकणारा मालकही टेप घेऊन पायऱ्यांची उंची आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी मोजू शकतो आणि ती नकाशावर लिहू शकतो.